भंगारात घेतलेलं जहाज

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आबासाहेब अजून खणखणीत आहेत, तेव्हा माझी ती अडचण नाही.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांना सगळे कप्तान म्हणतात. त्यांच्या कचेरीत शिरलं की समोर भिंतभर जहाजाचा फोटो, त्याला रोज ताजा हार, आणि खाली गादीच्या खुर्चीत कप्तान स्वतः. हा माणूस रंकाळ्यातल्या होडीतही बसत नाही, मळमळतं म्हणे. हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं, तेही छाती काढून. "वैनी, जहाजाचा मालक व्हायला पाण्यात उतराय लागत न्हाय. साखर कारखान्याचा चेअरमन काय ऊस तोडाय जातोय व्हय?"

मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात माल रवाना करायचं काम बघते. आमच्याकडे बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर तयार होतात. माल कुठेही जायचा असो, गाडी ठरवताना कप्तानांशी गाठ पडायचीच, कारण उचगावात त्यांचे ट्रक आहेत आणि ट्रकच्या आधीपासून भंगाराचा धंदा आहे. जहाजही त्यांनी भंगार म्हणूनच घेतलं होतं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात जुनं मालवाहू जहाज लिलावात निघालं, हे फोडायला म्हणून गेले, आणि तिथे कुणीतरी त्यांना कायदा समजावून सांगितला. जहाज फोडायचं राहिलं.

कायदा असा. देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज आपल्या झेंड्याचं लागतं. परदेशी जहाजाला खास परवाना काढावा लागतो, आणि तो देण्याआधी देशी जहाजवाल्यांना विचारतात की तुमच्यापैकी कुणाचं जहाज मोकळं आहे का. कुणी 'आहे' म्हटलं की परदेशी जहाजाचा विषय मिटला. देशाची जहाजं जगावीत म्हणून केलेला नियम असेल, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण कप्तान दर वेळी 'आहे' म्हणत. आणि त्यांचं जहाज पोटभर माल जमल्याशिवाय धक्क्यावरून हलत नसे. माल जमला की इंजिन रुसायचं.

सेल्वीशी माझी ओळख फोनवर झाली. अंदमानकडच्या एका लहान बेटावर मच्छीमारांची सोसायटी होती, ती तिची सेक्रेटरी. त्यांच्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर मोडला होता आणि बर्फाशिवाय धरलेली मासळी दुपारपर्यंत नासायची. सोसायटीने आमच्याकडे नवा कॉम्प्रेसर सांगितला. हंगामाच्या आत तो पोचला नाही तर माणसं होड्या विकतील, एवढं सरळ गणित होतं. आम्ही वेळेत यंत्र तयार केलं. सरकारी जहाजात जागेसाठी रांग होती, म्हणून बेटावरच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक परदेशी जहाज ठरवलं. त्याच्या परवान्याची चौकशी आली तेव्हा कप्तानांनी नेहमीप्रमाणे कळवलं की आमचं जहाज आहे.

मी त्यांच्याकडे गेले, विनवलं, मग भांडले. त्यांचं म्हणणं ठाम होतं. आज भाडं बरं मिळतंय म्हणून परदेशी जहाज येतंय, उद्या भाडं पडलं की ते तोंड फिरवेल, मग या बेटवाल्यांना आपणच आठवणार. ऐकायला खोटं वाटत नव्हतं, हाच त्यांचा वाईट गुण. मी विचारलं, तुमचं जहाज कधी सुटणार? "सुटंल की. जहाज हाय ते, वडापची जीप न्हवं."

शेवटी सेल्वी स्वतः कोल्हापूरला आली. बारीक चणीची, पन्नाशीची बाई, हातात एक कापडी पिशवी. मी तिला घेऊन कचेरीत गेले. कप्तानांनी उठून नमस्कार केला, घरी मटण टाकायला सांगितलं, पावणं जेवल्याशिवाय जायचं न्हाय म्हणाले. एवढ्या लांबून बाई आली याचं त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. सेल्वी बसलीसुद्धा नाही.

"खाना मत खिलाइए," ती म्हणाली. "बस इतना लिख दीजिए कि आपके पास जहाज नहीं है."

कप्तानांचा चेहरा पडला. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून ते मला म्हणाले, "खोटं कसं लिवू वो वैनी? जहाज तर हाय."

सेल्वीला मराठी येत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते तिने बघितलं. पिशवी सावरून ती बाहेर पडली. त्या दिवशी कोल्हापूर स्टेशनवर, तू जेवलीस का, असं उलट तिनेच मला विचारलं.

त्याच पावसाळ्यात पंचगंगा चढली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि शहराच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. पेट्रोल नाही, भाजी नाही. कप्तानांनी आपले ट्रक पूरग्रस्तांना फुकट दिले, हेही लिहिते, नाहीतर मी एकांगी ठरेन. पण कचेरीत त्यांचा थयथयाट चालला होता. पाणी उतरल्यावर हायवेवर पलीकडच्या बाजूच्या गाड्या आधी का सोडतात, आम्ही माणसं न्हाय का, असं ज्याला-त्याला विचारत होते. मी म्हटलं, आबासाहेब, सेल्वीच्या बेटावर हे बारा महिने असतं. ते मनापासून गोंधळले. "त्येचा हितं काय संबंध?"

जहाज सुटलं नाही. हंगाम मात्र सुरू होऊन संपला. सेल्वीचा फोन आला तेव्हा सोसायटी गुंडाळली होती. होड्या विकल्या गेल्या होत्या आणि तरणी पोरं चेन्नईला कामाला गेली होती. तिने ऑर्डर रद्द केली, रडली नाही. फक्त म्हणाली, यंत्र मोडू नका, मासळी धरणाऱ्या कुणाला तरी द्या. मी हो म्हटलं.

ते यंत्र आमच्या शेडमध्ये धूळ खात राहिलं. त्या मापाचं दुसरं गिऱ्हाईक मिळेना, आणि मालकांना जागा हवी होती. त्यांनी भंगाराच्या भावात काढायचं ठरवलं. भंगार म्हटल्यावर जिल्ह्यात दुसरं नाव कुणाचं येणार? मी मालकांशी दोन दिवस वाद घातला आणि हरले.

कप्तान ट्रक घेऊन स्वतः आले. साखळ्या पडल्या, क्रेन लागली, आणि त्यांच्यासाठी मागवलेला चहा गार व्हायच्या आत यंत्र ट्रकवर चढलं. मी जवळ जाऊन सेल्वीचं म्हणणं सांगितलं. राग आवरत नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ट्रकवरच्या यंत्राला थाप मारली.

"आदी सांगायचं न्हवं का? न्हाय फोडत मी. दुसऱ्या एकाद्या बेटाला धाडूया. जरा माल जमू दे, आपल्याच जहाजातनं जाईल."

ते माझी चेष्टा करत नव्हते. मला मदत करत होते. ट्रक बाहेर पडला आणि मी वॉचमनची वाट न बघता फाटक ओढून घेतलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

म्हणजे माझं नाही. ते शाहूपुरीत दिसले की अजून हाक मारतात, त्या पावण्या बाई बऱ्या हायत का म्हणून चौकशी करतात. सेल्वी आता चेन्नईत कुणाच्या तरी कारखान्यात उभ्याने कोळंबी सोलते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटेल, आणि ते मला बघायचं नाही.