ठाकुर्लीतली अमेरिका

साईनाथ भोईर अमेरिकेला कधीही गेला नव्हता. पासपोर्ट त्याने हौसेने काढला होता, पण तो कपाटातून एकदाच बाहेर आला, गॅस एजन्सीत पत्त्याचा पुरावा म्हणून. तरीही डोंबिवलीतली निदान तीसेक माणसं शपथेवर सांगतील की आपला साईनाथ अमेरिकेत असतो.

तो असायचा ठाकुर्लीत. भोईरांचं कौलारू घर आणि मागची वाडी बिल्डरला दिल्यावर त्याच जागी सात मजले उभे राहिले आणि त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट साईनाथ आणि त्याची आई मालन यांच्या वाट्याला आला. त्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बसून साईनाथ अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासायचा. तिकडे कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या पोटातून खडे काढले, त्यातलं विमा कंपनीने किती मानायचं आणि कुठे नाक मुरडायचं, याची पहिली चाळणी ठाकुर्लीत लागायची. ऑफिस आधी ऐरोलीला होतं. साथ आली तेव्हा कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं, आणि साथ गेल्यावर कंपनीच्या लक्षात आलं की माणसं घरीच जास्त परवडतात. तसं कळवणारी ईमेल फार सुंदर होती. तिच्यात 'कुटुंब' हा शब्द पुन्हापुन्हा आला होता.

त्यानंतर साईनाथचा दिवस सूर्य मावळल्यावर उगवायला लागला. सुरुवातीला मीटिंगा व्हायच्या, निदान बोलणं व्हायचं. मग मीटिंगांची जागा चॅटने घेतली, आणि एखादं बिल अडलं की पडद्यावर लाल ठिपका उमटायचा, तेवढाच काय तो संवाद. वेळेचा घोळ नको म्हणून त्याने भिंतीवरचं घड्याळ तिकडच्या वेळेला लावून टाकलं. मालनला हे पटलं नाही. त्या घड्याळात बघून तिने एकदा भलत्याच वेळी भात टाकला. तेव्हापासून ती त्या खोलीला 'त्याची फारेन' म्हणायची आणि आत जाताना दार वाजवायची.

याच्या आधीचा साईनाथ वेगळा होता. डोंबिवलीत 'मध्यंतर कलामंच' नावाची हौशी नाट्यसंस्था आहे. रतन कारखानीस यांनी ती काढली. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, सगळ्यांचे रतनकाका. दिग्दर्शन करायचा धम्मपाल, कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आणि लाइट्स साईनाथचे. नगरपालिकेच्या शाळेत सहावी ब-च्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालमी व्हायच्या. मालन पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "माजा पोऱ्या नाटकान दिवं लावतं," आणि पाहुणे का हसले हे तिला कळायचं नाही.

साईनाथची एक खासियत होती. पात्र रंगमंचावरून गेलं की बाकीचे लोक दिवा घालवतात. साईनाथ घालवायचा नाही. माणूस ज्या जागेवरून उठून गेला त्या रिकाम्या जागेवर तो प्रकाश तसाच ठेवायचा आणि मग तो इतका हळू उतरवायचा की प्रेक्षकाला वाटावं, आपलेच डोळे मिटतायत. ठाण्याच्या एका स्पर्धेत परीक्षकाने त्याचा खास उल्लेख केला. तेव्हापासून धम्मपाल तालमीत ओरडायचा, "इथे एक साईनाथ दे!"

मग शिफ्ट लागली. "जमणार नाही रे, अमेरिकेचं टायमिंग आहे," हे वाक्य त्याने पहिल्यांदा खेदाने म्हटलं, दुसऱ्यांदा सवयीने. तिसऱ्यांदा म्हटलंच नाही, टाइप केलं. मग संस्थेचा ग्रुप म्यूट केला.

दोन वर्षांपूर्वी रतनकाकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरं, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत?" साईनाथने मान वर केली, भिंतीकडे बघितलं आणि सांगितलं, "सकाळचे साडेनऊ."

"वा! म्हणजे गेलास तर तू शेवटी! अरे, कळवायचंस तरी!" रतनकाकांचा आवाज आनंदाने फुटला.

त्या क्षणी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्यामागून दुसरं वाक्य आलं असतं, की मग तू एकाच स्टेशनाच्या अंतरावरून इतकी वर्षं आला नाहीस? अमेरिका हे कारण होतं. ठाकुर्ली हे कारण नव्हतं. साईनाथ म्हणाला, "घाईत झालं काका सगळं."

या वर्षी कंपनीने बिलं तपासायला एक प्रोग्रॅम आणला. तो बिलं तपासायचा आणि साईनाथ त्याला तपासायचा, तेही दिवसा. संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी तो खाली दूध आणायला गेला, 'अर्धा लिटर' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. दुकानदाराने न विचारता पिशवी पुढे केली. घसा खाकरत साईनाथ जिना चढला आणि त्याच आठवड्यात त्याने ठरवलं की परत जायचं. दिव्यांच्या डिमरपाशी बसायचं. जे काय सांगायचं ते सांगून टाकायचं, दोन शिव्या खायच्या, पण बसायचं.

रविवारी दुपारी त्याने इस्त्रीचा शर्ट काढला तेव्हा मालनने विचारलं, "कं चाललास रं?"

"तालमीला."

"बरा झाला. मना वाटला, इसरलास."

सहावी ब आता सहावी क झाली होती, बाकी बाकं तीच. दारात रतनकाका उभे होते. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग साईनाथला मिठी मारली.

"कधी उतरलास?"

साईनाथ नुकताच रिक्षातून उतरला होता. त्याने खरं तेच सांगितलं. "आत्ताच."

"आत्ताच! बघा रे, विमानतळावरून थेट तालमीला! घरीसुद्धा गेला नाही!" रतनकाकांनी वर्गाला सांगितलं, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. सगळी नवी पोरं होती, विशी-पंचविशीची. कुणीतरी खुर्ची पुढे केली. सगळे बाकांवर आणि फरशीवर, साईनाथ एकटा खुर्चीवर. चहा आला तेव्हा सगळ्यांना कागदी कपात आणि त्याला कपबशीत. माठाकडे त्याचा हात गेला तर एका पोराने तो अदबीने अडवला आणि सीलबंद बाटली दिली. "सर, तुम्हाला इथलं पाणी बाधेल." बेचाळीस वर्षं तो हेच पाणी पीत होता.

"लाइट्सना कोण आहे?" त्याने विचारलं. हाच एक प्रश्न घेऊन तो घरून निघाला होता.

"ही प्राची. वर्तकनगरवरून येते," रतनकाका म्हणाले. मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या एका मुलीने मान हलवली.

"मी बसतो ना या प्रयोगाला. हिला मदत म्हणून."

"छे, छे! सुट्टीवर आलायस तू. पाहुण्याला काय कामाला लावायचं?"

तेवढ्यात धम्मपालचा आवाज आला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "प्राची, बाबा उठून गेले की खुर्चीवर एक साईनाथ दे."

प्राचीने एक बटण दाबलं. मग तिने एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा खुर्चीवरच्या माणसाकडे. "म्हणजे... साईनाथ हे तुम्ही? सॉरी हं सर, मला वाटायचं ते टेक्निकचं नाव आहे."

साईनाथ हसला. आपण अजून चालू आहोत आणि त्यासाठी आपली गरज नाही, हे एकाच बटणात कळणं तसं सोयीचं होतं.

रतनकाकांना तोवर कल्पना सुचली होती. पुढच्या रविवारी कल्याणच्या नाट्यगृहात संस्थेच्या पंचविशीचा प्रयोग होता. प्रयोगाआधी सत्कार. 'सातासमुद्रापार गेलेल्या रंगकर्मीचा हृद्य सत्कार.' शाल, श्रीफळ, मानपत्र. "नाही म्हणायचं नाही," ते म्हणाले, आणि साईनाथला नाही म्हणायला अवधीही दिला नाही. आपल्याकडे माणसाला कामावरून काढायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत. त्यातली सर्वांत आदराची म्हणजे त्याच्या खांद्यावर शाल घालणं.

तालीम सुटल्यावर तो धम्मपालला बाजूला घेऊन टपरीवर गेला. आता बोलायचंच असं ठरवून त्याने सुरुवात केली. "धम्मा, एक सांगायचंय. मी अमेरिकेत नसतो रे."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"ठाकुर्लीला असतोस. तुझी आई मला मासळी बाजारात भेटते. दर वेळी सांगते, पोऱ्या घरातच असतो, भेटायला ये. कोलंबी कशी निवडून घ्यायची तेही सांगते."

साईनाथच्या हातातला चहा तसाच राहिला. "मग बोलला का नाहीस?"

"कोणाला? तुला का काकांना?" धम्मपालने ग्लास खाली ठेवला. "अरे, संस्थेतून माणसं गळायला लागली ना, कुणी ऑफिसमुळे, कुणी बायकोमुळे, कुणी अशीच, तेव्हा काका प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, आमचा एक माणूस थेट अमेरिकेला गेलाय, म्हणून येत नाही. नाहीतर सोडलं नसतं नाटक त्याने. आता त्यांना जाऊन सांगू, की तो पाच मिनिटांवर असतो आणि येत नाही? कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी येणार होतो रे."

"माझे बाबा गेले तेव्हा तू ग्रुपवर हात जोडलेले पाठवलेस. दोन हात. सगळे विचारत होते, साईनाथ कुठाय, तुझा एवढा जिगरी. मी म्हटलं, अमेरिकेतनं एवढ्यात कसा येणार?" धम्मपाल हसला, पण ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "खरं सांगू? मलाही ते बरं पडलं. अमेरिकेतला मित्र आला नाही, तर वाईट वाटत नाही."

साईनाथने विचारलं, "आता काय करू?"

"शाल घे. काका चौऱ्याहत्तरचे आहेत, खूश होतील. तू अमेरिकेतच बरा आहेस, साई."

चहाला धम्मपालने पैसे देऊ दिले नाहीत. पाहुणा होता ना.

सत्कार रीतसर झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने 'मायदेशाची ओढ' हे शब्द वापरले. मानपत्र रतनकाकांनी स्वतः लिहिलं होतं आणि स्वतःच वाचलं. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, आणि एकही वाक्य खोटेपणाने लिहिलेलं नव्हतं. टाळ्या संपल्यावर साईनाथ सवयीने विंगेकडे वळला. बिल्ला लावलेल्या एका पोराने त्याला वाटेतच वळवलं. "सर, इकडून. तुमची सीट पहिल्या रांगेत." पहिल्या रांगेतून नाटक कधीच नीट दिसत नाही, हे प्रत्येक नाटकवाल्याला ठाऊक असतं. म्हणूनच ती रांग पाहुण्यांना देतात.

शेवटच्या प्रवेशात बाबा उठून गेले. खुर्चीवर प्रकाश राहिला. मांडीवर नारळ घेऊन साईनाथ बघत होता. प्रकाश चांगला होता. रंग त्याने लावला असता त्याहून उबदार होता. फक्त तो लवकर उतरला. खुर्ची रिकामी झाली आहे हे लोकांना कळलं, पण त्यांना चुकचुकायला वेळ मिळाला नाही. बाहेर आल्यावर त्याने प्राचीला तसं सांगितलं, शक्य तितक्या सौम्यपणे.

"हो सर, पण हल्ली लोक तेवढं थांबत नाहीत," ती म्हणाली. "मोबाईल काढतात लगेच."

रतनकाकांनी त्याचे दोन्ही हात धरले. "फ्लाइट कधी?"

धम्मपाल शेजारीच उभा होता. तो शालीच्या काठाकडे बघत होता.

"उद्या," साईनाथ म्हणाला.

मालनने नारळ फोडून त्याची वाटली डाळ केली आणि शाल घडी करून कपाटात, पासपोर्टच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी भाजी संपली होती. साईनाथ पिशवी घेऊन दारापर्यंत गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की डोंबिवलीच्या बाजारात आता त्याला जाता येणार नाही. कल्याणलाही नाही. ठाण्याला जावं तर तिथे ती वर्तकनगरची मुलगी. कलामंचात नवी पोरं बरीच होती आणि ती सगळीकडे राहत होती. त्याने पिशवी खुंटीला लावली आणि मोबाईलवरून भाजी मागवली.

मंगळवारी दुपारी बिलं तपासताना फोन थरथरला. सत्काराचे निरोप यायचे म्हणून त्याने संस्थेच्या ग्रुपचा आवाज परत चालू केला होता. रतनकाकांनी लिहिलं होतं : 'साईनाथ, पोचलास का सुखरूप?'

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. मालन स्वयंपाकघरातून ओरडत होती की जेवण वाढलंय, गार होतंय. त्याने थोडा वेळ जाऊ दिला, बेताने, विमानातून उतरून सामान घ्यायला लागेल तेवढा. मग लिहिलं :

'पोचलो.'

पहिला अंगठा धम्मपालचा आला.