ओयदिनचा वाडगा

मार्गिलान शहरातल्या त्या गल्लीत लग्न ठरलं की पहिलं बोलावणं आचाऱ्याला आणि दुसरं सनोबरला. जेवणासाठी अंथरलेल्या भरल्या दस्तरखानापुढं उभं राहून वरबापानं काय बोलायचं, ते हीच लिहून देणार. तीस वर्षं ती लोकांच्या तोंडी शब्द घालत आली. स्वतःच्या नावानं मात्र एक ओळ कधी छापून आली नाही, आणि हे रडगाणं तिनं इतक्या वेळा गायलं होतं की नवऱ्याला, तोलिबला, ते तोंडपाठ झालं होतं.

म्हणून जिल्ह्याच्या पेपरात कथास्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्यानंच कात्रण काढून आणलं. विषय एका ओळीचा होता: आपल्या घरात राहून गेलेली दुसऱ्याची वस्तू. मुदत महिनाभराची.

"घे. आता माझं डोकं खाऊ नकोस, कागद खा," तो म्हणाला.

पहिला आठवडा फुकट गेला. तिनं एका खानाची अंगठी घेतली, चोर घेतला, उंट घेतला. चौथ्या पानावर उंट मेला, त्याच्यामागून गोष्टही. वैतागून ती प्याले आवरायला उठली आणि फडताळाच्या वरच्या फळीकडं तिची नजर गेली. तिथं एक वाडगा होता, कापसाच्या बोंडांची निळी नक्षी असलेला. अकरा वर्षं तिथंच होता.

वाडगा समोरच्या ओयदिनचा. रमजानात तिनं त्यातून निशोल्दा पाठवली होती, अंड्याच्या पांढऱ्याची ती फेसाळ मिठाई. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून सनोबरच्या मनात हलवा करायचा होता. पण त्याच आठवड्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींची जुंपली. ओयदिनचा धाकटा तेव्हा रशियात कामाला गेलेला, पाच महिने त्याचा फोन नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. सनोबरच्या जिभेला हाड नाही. चारचौघींत ती बोलून गेली, "तुझ्या तोंडाला कंटाळूनच पळाला असेल तो."

ओयदिननं फावडं खाली ठेवलं आणि घरात निघून गेली. त्या दिवशी पाटाचं सगळं पाणी सनोबरच्या बागेत आलं.

मुलगा दोन वर्षांनी सुखरूप परतला, वर्षभरात त्याचं लग्नही झालं. गल्लीतलं ते एकच लग्न, ज्यात सनोबरचे शब्द नव्हते. दर ईदला ती ठरवी, यंदा वाडगा देऊन टाकायचा. पण त्या बोलण्याची भरपाई होईल असं त्यात घालायचं तरी काय? कधी म्हणे साखर जळली, कधी म्हणे सामसे, ते भट्टीतले समोसे, फुटले. खरं सांगायचं तर जळत काही नव्हतं आणि फुटतही नव्हतं. बाईची हिंमत होत नव्हती.

आता मात्र हात धावू लागला. लिहिता लिहिता ती रडली, पुन्हा लिहू लागली. गोष्टीतली बाई वाडग्यात कोवळ्या पाल्याचे सामसे भरते, गल्ली ओलांडते, दार वाजवते. शेजारीण दार उघडते आणि म्हणते...

तिथं घोडं अडलं. 'आलीस?' लिहिलं, खोडलं. 'ये, चहा गरम आहे' लिहिलं, तेही खोडलं. ओयदिन अशी बोलेलच कशी?

"काय म्हणेल हो ती?" तिनं तोलिबला विचारलं.

"दहा पावलांवर राहते. जाऊन विचार."

"तुम्हाला काय कळतंय लिहिण्यातलं."

"लिहिण्यातलं नाही कळत. पण तिला बरं नाही म्हणतात. तिची सून, नसीबा, काल डॉक्टरला घेऊन आली. जाऊन ये."

"जाणारच आहे. आधी गोष्ट पुरी होऊ दे. छापून आली की वाडगा भरून नेते आणि तिला वाचूनच दाखवते. मला तोंडानं माफी मागता येत नाही हो, लिहून येते."

तोलिबनं टोपी उचलली. "लोकांना तर तू दोन तासांत लिहून देतेस," म्हणाला आणि बाहेर गेला.

त्या एका वाक्यापायी अकरा दिवस गेले. मुदतीला दोन दिवस उरले होते, त्या सकाळी समोरच्या घरातून बायकांचं रडणं ऐकू आलं.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण गल्लीनंच न्यायचं. सनोबरनं पुलाव केला. फार चांगला झाला. निळ्या वाडग्यात भरून तिनं गल्ली ओलांडली, तर दार उघडंच होतं. आत बसलेल्या बायका म्हणाल्या, "सनोबर ओपा, तुम्ही बोला दोन शब्द, तुम्हाला छान येतं." वाडगा इतरांच्या भांड्यांत ठेवून ती कोपऱ्यात बसून राहिली.

आठवड्यानं नसीबा आली. हातात तोच वाडगा, लख्ख घासलेला, त्यात मूठभर बेदाणे आणि वर दोन नान.

"ओपा, तुमचा वाडगा. द्यायला उशीर झाला, राग मानू नका."

सनोबरनं हात मागं घेतले. "तुमचाच आहे तो, पोरी. तुझ्या सासूचा."

"नाही हो," नसीबा म्हणाली. "आठ वर्षं त्या घरची भांडी मीच घासतेय. असला वाडगा आमच्याकडं कधी नव्हता."

तिनं तो सनोबरच्या हातात दिला आणि पाहुणे खोळंबलेत म्हणून लगबगीनं परत गेली.

सनोबर दस्तरखानाशी येऊन बसली. गोष्टीचे कागद तिथंच पडले होते, शेवटची ओळ कोरी. मुदत कधीच टळून गेली होती.

"मी जायला हवं होतं," ती म्हणाली.

तोलिबनं नेहमीसारखा टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खाली मान घालून ओयदिनच्या घरचा नान मोडत राहिला.