अल्पनाने दाबून ठेवलेला निरोप

शहाद्याच्या मेन रोडवर ठिबकच्या नळ्या, पाइप आणि मोटारपंपांचं एक जुनं दुकान आहे. वर घर. लोणखेड्यापासून प्रकाशापर्यंतचे केळीवाले, पपईवाले तिथे येतात आणि गल्ल्यामागच्या हस्तीमलशेठना रामराम घालतात. त्या घराची धाकटी सून म्हणजे अल्पना. जोधपूरची मुलगी, हस्तीमलशेठच्या धाकट्या भावाची, रतिलालची बायको. तिला विचारलं तर घरातलं सगळं चांगलं आहे असंच ती सांगायची. पण थोरल्या दिराविषयी तिने मनात डूख धरला होता. बावीस वर्षं झाली, तो तसूभरही कमी झाला नव्हता.

त्याचं असं झालं. तिचे वडील जोधपूरला पोस्टात कारकून होते. दर रविवारी ते मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून हिंडवायचे. कधी मंडोरची बाग, कधी कायलाना तलाव, कधी गडाच्या पायथ्याचे काळे खडक, जिथे पायात चप्पल असूनही काटा लागायचा. हा थोर, हा कुमट, हा केर, असं एकेक झाड तिला दाखवायचे. केराची लाल फुलं तिच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "वास घे." लोक जोधपूरला नुसती वाळू म्हणत, तिला ते ऐकून हसू यायचं.

दोन हजार तीन साली, दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी, जोधपूरहून भावाचा फोन आला. वडील अखेरच्या घटका मोजत होते, अल्पनाला पाठवा, एवढाच निरोप होता. फोन दुकानात होता आणि तो हस्तीमलशेठनी उचलला. त्याच रविवारी त्यांच्या मुलाचा, अरिहंतचा साखरपुडा होता. मंडप पडला होता, हलवाई येऊन बसला होता. शेठनी "सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि कुणालाच सांगितलं नाही. शनिवारी वडील गेले. रविवारी अल्पनाने हिरवी बनारसी नेसून पाहुण्यांना लाडू वाढले. सोमवारी दुपारी शेठ जिना चढून वर आले आणि दारातूनच धाकट्या सुनेला म्हणाले, "बिनणी, जोधपूरहून फोन होता. तुझे वडील अचानक गेले."

ती पोहोचली तेव्हा राखसुद्धा गोळा करून झाली होती. भाऊ तिच्याशी नीट बोलेना. मग एकदम म्हणाला, "गुरुवारी मी स्वतः फोन केला होता. तीन दिवस ते दाराकडे बघत होते."

तिने ते ऐकून घेतलं. परत आली आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. कुणाला सांगणार? रतिलाल भावापुढे मान वर करत नसे. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सुनेने डोक्यावर पदर घेऊन दिवसातून दोन शब्द बोलायचे, त्यात हा विषय बसत नव्हता. ती त्यांना गरम फुलके वाढत राहिली आणि प्रत्येक फुलक्याबरोबर मनात एकच वाक्य म्हणत राहिली: मी विसरलेले नाही.

घरात तिला माया लावली ती जेठाणीने, शेठच्या बायकोने, लहरीबाईंनी. अल्पना त्यांना जीजी म्हणायची. अल्पनाच्या बाळंतपणात सव्वा महिना त्यांनी तिचं डोकं स्वतःच्या हाताने चोळलं होतं. त्या फोनचं लहरीबाईंनाही कधी कळलं नाही.

गेल्या जानेवारीत हस्तीमलशेठनी हट्ट धरला. वय शहात्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "मरायच्या आधी मारवाड बघायचाय," ते म्हणायचे. ओसियांजवळच्या खेड्यात त्यांचं बालपण गेलं होतं. अरिहंतला आणि रतिलालला दुकान सोडवेना, लहरीबाईंना जिना उतरवेना.

"मी नेते भाईजींना," अल्पना म्हणाली.

सगळ्यांनी तिची वाखाणणी केली. लहरीबाईंनी तर तिची दृष्ट काढली. पण अल्पनाच्या मनात सेवा नव्हती. तिला तो माणूस एकटा हवा होता. शहाद्यात प्रत्येक भिंतीला कान होते. तिकडे बागेत, वडिलांच्या जागेवर बसवून ती विचारणार होती, आणि उत्तर देताना त्यांचं तोंड कसं होतं ते बघणार होती.

पहिल्या दिवशी ती त्यांना मंडोरला घेऊन गेली. काठी टेकत, वानरांना हाकलत ते चालत होते. लाल दगडाच्या देवळांमागे एक ओटा आहे, तिथे तिने त्यांना बसवलं.

"माझे वडील रविवारी मला घेऊन इथे बसायचे," ती म्हणाली.

हस्तीमलशेठनी मान हलवली. "भला माणूस. अचानक गेला बिचारा."

अचानक. तो खोटा शब्द त्यांच्या तोंडात इतक्या वर्षांनीही तसाच होता, आणि आता बहुधा त्यांना तो खराच वाटू लागला होता. अल्पनाचे कान तापले. विचारायचं ठरवलेलं तिने विचारलंच नाही. ज्याला आठवतच नाही त्याला विचारून काय मिळणार? त्याला आठवेल असं काहीतरी करायला हवं होतं, आणि ते काय हे तिला तेव्हा सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना गडाखालच्या काळ्या खडकांवर घेऊन गेली. तिच्या लहानपणी तिथे विलायती बाभळीचं रान माजलं होतं. आता ती उपटून, खडक फोडून तिथे वाळवंटाची मूळची झाडं लावली आहेत आणि त्याचं मोठं उद्यान झालं आहे. पायवाटेच्या कडेला थोराचे पुरुषभर उंच झुपके उभे होते. शेठ दमले, म्हणून तिने त्यांना फाटकाजवळच्या बाकावर बसवून हातात कचोरी दिली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. अकरा वाजले होते.

अरिहंत होता. "काकी, मम्मीला झटका आलाय. नंदुरबारला दवाखान्यात आणलंय, शुद्ध नाही. पप्पांना एकदम सांगू नको, त्यांचं बीपी माहिती आहे ना तुला. काहीतरी कारण काढ आणि आजच्या संध्याकाळच्या गाडीने घेऊन ये."

"आणते," अल्पना म्हणाली.

फोन ठेवून ती वळली. हस्तीमलशेठ कचोरीचा चुरा चिमण्यांना टाकत होते. "कुणाचा गं?" त्यांनी विचारलं.

"घरचा. सगळं ठीक आहे."

हे शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. पण उच्चारल्यावर तिला जाणवलं की आपण आता नेमक्या त्यांच्या जागी उभ्या आहोत. निरोप हातात आहे, समोरच्याला काही माहीत नाही. इतकी वर्षं जे मागितलं ते कुणीतरी आपल्या ओटीत टाकलंय असं तिला वाटलं. लहरीबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो तिने बाजूला सारला. संध्याकाळच्या गाडीला अजून सात-आठ तास होते. तोवर बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. शेठचा साधा फोन ते कुठेही विसरतात म्हणून तिच्याच पर्समध्ये असायचा. तिने तो बंद केला.

दुपारनंतर ते कायलान्याला गेले. तलावाच्या कठड्यापाशी शेठनी मुरमुरे घेतले आणि माशांना टाकत लहान मुलासारखे हसले. उन्हं उतरत होती. गाडी गाठायची तर आता निघायला हवं होतं. अल्पनाने तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"अरिहंतच्या साखरपुड्याला असा गारवा होता बघ. तसा साखरपुडा शहाद्यात परत झाला नाही. आठवतो तुला?"

"आठवतो," ती म्हणाली.

"तू हिरवी साडी नेसली होतीस. पाहुणे म्हणाले होते, सून किती हसतमुख आहे."

अल्पनाने उघडलेलं तोंड मिटलं. ती थोडी लांब गेली आणि अरिहंतला फोन लावला. तिकीट आजचं मिळत नाही, उद्याचं मिळालंय, असं सांगितलं. लहरीबाई अजून शुद्धीवर नव्हत्या. मग तिने स्वतःचाही फोन बंद केला. त्या संध्याकाळी जेवताना हस्तीमलशेठ दालबाटीची तारीफ करत होते आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. खा, ती मनात म्हणत होती, मीही त्या रविवारी असेच लाडू खाल्ले होते.

तिसऱ्या दिवशी ती त्यांना गाडी करून गुढ्याच्या तलावावर घेऊन गेली. बिश्नोई लोकांचं गाव ते, तिथे काळवीट माणसाला बिचकत नाहीत. पाण्याच्या काठाला कुरजा पक्षी उतरले होते, शेकड्याने, राखाडी. नऊ वाजले असतील. ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता.

"भाईजी, जीजींना झटका आलाय," अल्पना म्हणाली. "नंदुरबारच्या दवाखान्यात आहेत."

शेठ वळले. "कधी?"

"काल सकाळी. फोन अकरा वाजता आला."

"काल? आणि तू आता सांगतेस?"

"तुम्ही चार दिवसांनी सांगितलं होतं. मी एका दिवसात सांगतेय."

तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. जेठासमोर पहिल्यांदा. हस्तीमलशेठच्या चेहऱ्यात काहीतरी खचलं, आणि तिला कळलं की त्यांना आठवलं आहे.

"घरात मंगलकार्य होतं," ते पुटपुटले.

"माहीत आहे. मी लाडू वाढत होते."

"लहरी जिवंत आहे ना?"

"माहीत नाही. काल संध्याकाळपासून मी फोन बंद ठेवलाय."

तिने त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा चुकीचं बटण दाबलं, तो चालू होईना. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती जागची हलली नाही. शेवटी ते काठी टेकत ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले, "भाई, जरा लावून दे."

लहरीबाई जिवंत होत्या. पहाटे शुद्धीवर आल्या होत्या, पण उजवा हात-पाय गेला होता आणि वाचाही.

ओसियांजवळचं ते खेडं बघायचं राहून गेलं होतं, परतीच्या गाडीत शेठनी त्याचं नावही काढलं नाही. सुरत यायला आली तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तुझा भाऊ बोलून झाल्यावर तुझे वडीलही फोनवर आले होते. आवाज फुटत नव्हता. 'छोरीला पाठवा' म्हणाले. मी हो म्हटलं."

अल्पनाला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर आत कुठेतरी शांत होईल. ते झालं नाही. ती त्यांच्या समोरच्या बाकावर बसून होती आणि तिला एकच वाटत होतं, की अजून तीन दिवस थांबायला हवं होतं.

नंदुरबारला लहरीबाईंना बघून घरी पोहोचल्यावर धुणंभांडी करणारी भिकुबाई जिन्यातच भेटली. "इतला उशीर कसा व्हयना?" ती म्हणाली. "मोठी बाई शुद्धीवर उनी तशी दरवाजाकडेच देखी ऱ्हायनी, म्हणे अरिहंतभाऊ."

हस्तीमलशेठ अल्पनाच्या आधी बोलले. "तिकीट मिळालं नाही," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांनी हे तिच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, ते तिने कधी विचारलं नाही. ती दोघं त्यानंतर पुन्हा त्या विषयावर बोलली नाहीत. फक्त अल्पनाने त्यांच्यासमोर पदर घेणं सोडलं, आणि त्यावर शेठ काही म्हणाले नाहीत, म्हणून घरातलं दुसरंही कुणी म्हणालं नाही.

लहरीबाईंना दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं सगळं अल्पनाच करू लागली. अंघोळ घालणं, केस विंचरणं, चमच्याने खिचडी भरवणं. लहरीबाईंना बोलता येत नव्हतं, पण सगळं कळत होतं. भरवताना त्या डाव्या हाताने अल्पनाचा गाल कुरवाळायच्या, आणि ते मात्र अल्पनाला सोसवेना. हस्तीमलशेठविषयी तिला तिळभर वाईट वाटत नव्हतं. जिच्याशी आपलं काही वैर नव्हतं ती शुद्धीवर आल्यापासून दाराकडे बघत होती, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

महिन्याभराने एका दुपारी तिने खोलीचं दार लावलं आणि जेठाणीला सगळं सांगितलं. वडिलांचा फोन, लाडू, कायलाना, बंद ठेवलेले मोबाइल. काही लपवलं नाही, माफीही मागितली नाही. लहरीबाई ऐकत राहिल्या. संपल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अल्पना गेली तेव्हाही तोंड भिंतीकडेच होतं. तिने ताट ठेवलं आणि उठून निघाली.

मागून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज आला. लहरीबाई डाव्या हाताने स्वतः खिचडी खायचा प्रयत्न करत होत्या. निम्मी उशीवर सांडली होती. अल्पना पुढे झाली, तशी त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि डोळ्यांनीच तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ताट रिकामं व्हायला पाऊण तास लागला. तोवर अल्पना तिथे हात मांडीवर ठेवून बसून होती.