महेकचा डबा

मस्कतमध्ये दार्सैत ते हमरिया टॅक्सीने दहा मिनिटं. अल्फियाला तिथवर पोचायला चौदा वर्षं लागली, आणि तेही स्वतःचा निकाह दहा दिवसांवर आल्यावर. सबीहाआंटींना आमंत्रण द्यायलाच हवं होतं.

तेव्हा अल्फिया आणि आंटींची मुलगी महेक अकरा वर्षांच्या होत्या. शाळेच्या पिकनिकहून परतताना त्यांची व्हॅन वादीच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पुरात वाहून गेली. अल्फिया वाचली, महेक गेली. अल्फियाच्या पाठीवर दप्तर तसंच होतं आणि त्यात महेकचा स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला.

रत्नागिरीकडच्या घरांत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. पण मुलगी गेलेल्या घरी भरून तरी काय पाठवायचं? अल्फियाच्या अम्मीने चार दिवस विचार केला आणि डबा कपाटात ठेवून दिला. तो तिथेच राहिला.

अल्फियाला खुपत होतं ते वेगळंच. मयताला आलेल्या बायका आंटींना सांगत होत्या, "निदान तुझ्या हातचं खाऊन गेली." आणि ते खरं नव्हतं.

आज तिने स्वतः गोड सांदणं वाफवून डबा भरला. जरा दडसच झाली, फुगली नाहीत. आंटींनी दार उघडलं आणि आधी डब्याकडेच पाहिलं. बसताच अल्फियाने सांगून टाकलं, "आंटी, त्या दिवशी तुमचा डबा मी खाल्ला. महेकने माझा. आम्ही डेली एक्सचेंज करायचो. सॉरी."

मला विचाराल तर हे न सांगताही चाललं असतं. पण पोरीला ते गिळवत नव्हतं.

आंटींनी डबा मांडीवर घेतला.

"काय होतं गो तुझ्या डब्यात?"

"कोलंबीचा पुलाव."

"संपवलान तिने?"

"सगळा. बोटंपण चाटली."

आंटींना रडू फुटलं, अगदी मोठ्याने. "सकाळी मारलं होतं मी तिला. रागाने डबा उघडलानच नसेल, असंच वाटायचं मला. बायकांना काय, त्या बोलतात. माझी पोर उपाशी गेली, हेच धरून बसले होते."

अल्फियाही रडली. मग आंटींनी एक सांदण खाल्लं, साखर कमी आहे म्हणाल्या. उरलेली ताटलीत काढून डबा धुतला, त्यात सकाळचं कालवण भरलं आणि अल्फियाच्या हातात दिला.

"लग्नाला येईन मी," त्या म्हणाल्या. "डबा मात्र तूच आणून दे. आणि रिकामा आणू नको."