दादाच्या पायाच्या फिल्म

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नगरच्या एका खासगी दवाखान्यात मी बिलं करायचे. माझा थोरला भाऊ नागापूरला एमआयडीसीत कामाला होता. त्याच्या पायाची रक्तवाहिनी बंद पडली, तेव्हा पुण्याहून येणाऱ्या सर्जननी आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन केलं. रक्त खालपर्यंत जातंय की नाही ते बघायला ऑपरेशनच्या टेबलावरच रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रेचे फोटो काढले.

बिलात मी ऑपरेशन वेगळं लिहिलं, अँजिओग्राफी वेगळी. दादाच्या कंपनीत दवाखान्याची बिलं मंजूर करणारा बाबू म्हणाला, "ऑपरेशन चालू असतानाच काढले ना फोटो? मग वेगळे कसले लावता?"

"अहो, लग्नातच जेवण असतं म्हणून आचारी फुकट येतो का?"

तर म्हणे, पुरावा म्हणून मूळ फिल्म जोडा. मी दादाला बजावलं होतं, फिल्म हातच्या सोडू नकोस. पण साहेबांना नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. सगळ्या देऊन आला.

महिन्याभरात पाय पुन्हा गार पडला. सर्जन फोनवर म्हणाले, "जुन्या फिल्म घेऊन लगेच पुण्याला या." मी गाडी ठरवली, तर हा गडी जागचा हलेना.

"डाक्टर फिल्म घिऊन या म्हनले. मोकळ्या हातानं कसं जायचं?"

"अरे, फिल्म गेल्या खड्ड्यात! आधी पाय बघ!"

"लई मोठे डाक्टर हायेत, रागावत्याल."

मी कामावर गेल्यावर हा लंगडत नागापूरला गेला. फिल्म मुंबईच्या ऑफिसात गेलेल्या. उद्या येतील, उद्या येतील, म्हणत बसून राहिला. बोटं काळी पडली तेव्हा शेजाऱ्यांना घेऊन मी त्याला उचलूनच पुण्याला नेलं. सर्जननी कपाळावर हात मारला. "नव्हत्या फिल्म, तर तसंच यायचं होतं हो!" पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

इतका संताप मला जन्मात आला नाही. त्या बाबूचा, दादाचा, सगळ्यांचाच. पण ओरडणार कुणावर? खाटेवर पडून तोच मला समजावत होता, "जाऊ दे गं, जीव तर वाचला."

पुढं बिल मंजूर झालं नि फिल्म परत आल्या. मी चुलीतच घालणार होते. दादानं माझा हात धरला. एक फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. मांडीतून निघालेली पांढरी रेघ पार घोट्यापर्यंत उतरली होती.

"बघ की, कसं रक्त चाललंय," तो म्हणाला. "लई चांगला झाला हुता गं पाय."