एका चहाचा सोफा

सोफे शिवणाऱ्या मावशी गिऱ्हाइकाला कापड दाखवण्याआधी विचारायच्या, "एका चहाचा हवा की दोन चहांचा?"

दोन चहांच्या सोफ्यात पाहुणा पाठ टेकून मस्त रुतून बसतो. एका चहाच्या सोफ्याला पुढे न कळेलसा उतार असतो. कप संपेपर्यंत पाहुणा घसरत कडेला येतो आणि आपणहूनच म्हणतो, "चला, निघतो."

"आमच्याकडे माणसांची फार ऊठबस," अशी फुशारकी मारणारेही शेवटी आवाज खाली आणून एका चहाचाच सांगायचे.

"म्हणजे ऊठ जास्त, बस कमी!" मावशी तोंडावर हसायच्या.

पुढे मुलानं धंदा हाती घेतला, लग्न करून वेगळं बिऱ्हाडही थाटलं. मावशी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेल्या. सुनेनं चहा दिला. "सावकाश घ्या हं, आई."

अर्धा कप होतोय तोच मावशी घसरायला लागल्या. त्यांनी गादीच्या कडेवरून बोट फिरवलं. टाका त्यांनीच शिकवलेला होता. मुलगा एकदम पंख्याकडे बघायला लागला.

"मेल्या, काम मात्र चोख केलंस," मावशी म्हणाल्या. मग उरलेला चहा संपवून त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि कप सुनेपुढे धरला.

"दुसरा टाक गं. जेवूनच जाईन."