कानाच्या यंत्राची दुरुस्ती

टायफॉइडनं माझे कान नेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. लग्नाची बोलणी मोडली, घरच्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं आणि पुढं नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी जन्मभर टाइपरायटर बडवला. त्या खोलीत दहा मशिनींचा कडकडाट चालायचा आणि माझ्याइतकं सुखी तिथं कोणी नव्हतं. हा विनोद मी स्वतःच करायचे, म्हणजे दुसऱ्यांना तसदी नको.

बहिऱ्याशी कोणी बोलत नाही, ओरडतात. आणि ओरडून ओरडून माणूस किती ओरडणार? जेवलीस का, फाइल कुठंय, एवढंच. बाकीच्या गप्पा आपापसात. मी धरमपेठेत एका खोलीत राहत होते आणि मला फार एकटं वाटायचं. तेव्हा हे कबूल केलं नसतं. कोणी विचारलंही नव्हतं म्हणा.

माझं यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं. ते कापडी पिशवीत घालून गळ्यात, पदराखाली, आणि तिथून कानापर्यंत वायर. पदर घासला तरी कानात कोणी पोतं ओढतंय असं वाटे. उन्हाळ्यात घाम आत शिरायचा, आतल्या पट्ट्या हिरव्या पडायच्या आणि आवाज बसायचा. म्हणून बर्डीच्या बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं गेले. इमर्जन्सीच्या आधीची गोष्ट. वयानं माझ्याएवढेच, चाळिशीचे, अबोल गृहस्थ. त्यांनी यंत्र खोललं, घासलं, जोडलं, माझ्या कानात घालायला लावलं आणि ते चक्क भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"तुमी ओठ वाचता, बाई. तोंड पायलं तर मशीन चालते का नाही, कसं समजन?"

इतकी साधी गोष्ट कानाच्या डॉक्टरलाही सुचली नव्हती. भिंतीकडं बघत त्यांनी बॅटरीच्या खोक्यावरचा मजकूर वाचला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सण. हळू, रोजच्या आवाजात. माझ्याशी रोजच्या आवाजात बोलणारा माणूस मला बावीस वर्षांत भेटला नव्हता.

दर दीड-दोन महिन्यांनी मी जाऊ लागले. कॅलेंडर संपलं तसे ते स्वतःचं बोलू लागले. समोरासमोर गप्प असणारा हा माणूस पाठ फिरवली की मोकळा व्हायचा. बायको वारल्याचं, भाकरी अजून गोल होत नसल्याचं मला असंच कळलं. "पीठ गरम पाण्यात भिजवा," असं मी त्यांच्या पाठीला सांगितलं होतं. दुकानदाराला भाऊ म्हणायची आपल्याकडं रीत. मी त्यांना कधी भाऊ म्हटलं नाही. काहीच म्हणत नसे.

माझा धाकटा भाऊ नरखेडहून संत्री घेऊन यायचा आणि वैतागायचा. "ताई, तुले पगार आहे ना? नवीन घेऊन टाक. हे भंगार काहून सांभाळून राहिली?"

"चालते गा अजून," मी म्हणायचे.

चालत नव्हतं. खरं सांगायचं तर पावसाळ्यात घामाचं निमित्त उरलं नाही, तेव्हा मी खोलीत बसून ती वायर मुळाशी मुरगाळायचे. चाळिशीतली बाई, दार लावून, स्वतःचं यंत्र मोडत बसलेली! ते त्यांच्या लक्षात आलं असणार. दर वेळी ते नवी वायर जोडून द्यायचे.

दिवाळीच्या आधी ते म्हणाले, "आता याच्यात जीव नाही, बाई. एक डाव पायतो. नाही चाललं तं नवीनच घ्या." त्यांनी सोल्डरिंगनं बराच वेळ डाग दिले. मी यंत्र कानात घातलं. ते भिंतीकडं वळले.

काहीच आलं नाही. पदराची खसखससुद्धा नाही. नुसती पाठ दिसत होती आणि मान मधूनमधून हलत होती. थांबा, चालत नाही, एवढं मला म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की नवीन घ्यावं लागणार, आणि नव्या यंत्राला या दुकानात काय काम? मी गप्प बसले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बरंच बोलले. बोलून झाल्यावरही लगेच वळले नाहीत.

मग वळले. "आलं आयकू?" हे मी ओठांवरून वाचलं.

"आलं," मी म्हटलं. "एकदम स्पष्ट."

ते बघत राहिले. ओठ हलले, "मग?"

"मग काय? छान झालंय," म्हणून मी पर्स उचलली. त्यांनी मान हलवली, सोल्डरिंगचं बटण बंद केलं आणि दुसऱ्या कोणाचा तरी ट्रान्झिस्टर पुढं ओढला.

आठवडाभर मी ते मेलेलं यंत्र गळ्यात घालून हिंडले. मग भावाबरोबर धंतोलीत जाऊन नवीन आणलं. काय सुरेख चालायचं! नळाचं ठिबकणं ऐकू यायचं, शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू यायची. ते घालून मी बर्डीवर गेले. त्यांनी ते हातात घेऊन नीट पाहिलं, परत दिलं आणि मी कानात घातलं.

"चांगलं घेतलं, बाई," ते म्हणाले. तोंड माझ्याकडं होतं आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्या दिवशी काय बोललात, हे मला विचारता येत नव्हतं. ऐकू आलं, असं मीच सांगून बसले होते.